राणीच्या झग्यातल्या क्लिपा

तपासणीच्या साहेबाने गाडीच्या पुढच्या काचेभोवतीची चकचकीत पट्टी दोन बोटांनी सहज ओढून पाहिली, आणि ती वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत त्याच्या हातात आली. साहेब दचकला. ऐन प्रवेशात कुणी हातात भाला द्यावा आणि संवाद मात्र देऊ नये, अशा चेहऱ्याने तो ती लांबलचक पट्टी धरून उभा राहिला.

"आता तुम्हीच धरा जरा," टाचणी म्हणाली. "इतकी वर्षं मी धरली."

"आजी, अशी गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे..."

"आजी तुमच्या घरी. इथे मी गाडीची मालकीण आहे."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने पट्टी हलकेच बॉनेटवर ठेवली, रुमालाने हात पुसले आणि नीट समजावून सांगितलं. ब्रेक उत्तम, दिवे उत्तम, इंजिनाचा आवाज तर त्याच्या स्वतःच्या गाडीपेक्षा बरा. पण काचेभोवतीची पट्टी सुटलेली, तिच्याखाली पाणी मुरून पत्र्याला गंज चढलेला. भरधाव गाडीवरून ही पट्टी उडाली आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसली, तर? एवढ्या जुन्या गाडीला फेरतपासणी एकदाच मिळते, महिन्याभराने. तेव्हाही हेच दिसलं, तर नंबर रद्द आणि गाडी भंगारात.

'भंगारात' हा शब्द तो जरा चोरटेपणाने बोलला. टाचणीने तो उचलून थेट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा फेकला.

"भंगारात! ऐकलंत ना, राजे?"

राजे म्हणजे मी. जन्मभर रंगमंचावर राज्य केलं. सिंहासन खोक्यांचं, तलवार लाकडाची, पण आवाज खरा होता. आता तोही उरला नाही, नाव तेवढं उरलं. टाचणी मात्र तेव्हा होती तशीच आहे. तिने पट्टी उचलली, जागेवर ठेवून तळहाताने थोपटली आणि मला शेजारी बसवलं. "हात बाहेर काढा आणि धरून ठेवा. सोडाल तर खबरदार." भर बाजारातून आम्ही घरी आलो तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असणार, हे आजोबा सगळ्यांना हात दाखवत चाललेत. दोघातिघांनी उलट हात दाखवला. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

टाचणी आमच्या नाटक मंडळीत कपडेपट सांभाळायची. तिचं खरं नाव मालकांनाही आठवत नसे. सदा तोंडात टाचण्या, म्हणून टाचणी. ओठांत टाचण्या धरून ती जितकं स्पष्ट बोलायची तितकं आमच्यातले निम्मे नट रिकाम्या तोंडानेही बोलत नसत. आणि काय बोलायची! "राजे, पोट आत घ्या, नाहीतर राज्य बाहेर येईल." मी शपथेवर सांगतो, हे ती मला पडदा वर जायच्या क्षणी सांगायची, आणि मग मी दरबारात हसू दाबत प्रवेश करायचो. लोकांना वाटायचं, वा, काय प्रसन्न राजा आहे.

तिची खरी करामत विंगेतल्या अंधारात चालायची. राजा आत जातो आणि भिकारी होऊन बाहेर येतो, असा आमच्या एका नाटकात प्रसंग होता. आत जाऊन बाहेर यायला बाहेरच्या गाण्याच्या दोन ओळींएवढाच वेळ. तेवढ्यात अंगरखा, शेला, कंबरपट्टा, सगळं उतरायचं. टाचणीने त्या अंगरख्याला आतून असे आकडे शिवले होते की दिसायला राजाचा पोशाख, पण मागून एक झटका दिला की आकडे वरून खाली ओळीने सुटत जायचे, खट् खट् खट् खट्, आणि राजा खलास. "बांधणं कुणालाही येतं," ती म्हणायची. "सोडवता यायला हवं. जे सोडवता येत नाही ते बांधलेलं नसतं, अडकलेलं असतं."

ती गाडीच्या चाकामागे कशी बसली, तो प्रवेशही सांगायलाच हवा. दौऱ्यावर सामानाचा ट्रक वेगळा असायचा. या गाडीत मालक, आमची नायिका, मी आणि टाचणी. टाचणीची चिमुरडी लेक मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर झोपलेली, कारण नवरा लवकर गेला आणि पोरीला ठेवायला दुसरी जागा नव्हती. एका मुक्कामी मालकांनी ड्रायव्हरला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ड्रायव्हरने शांतपणे गाडीची किल्ली मालकांच्या चहाच्या बशीत ठेवली आणि निघून गेला. संध्याकाळी दुसऱ्या गावी प्रयोग. मालक डोकं धरून बसले. तेव्हा टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीला खोचल्या. ती टाचण्या काढते म्हणजे गोष्ट गंभीर आहे, हे पडदा ओढणाऱ्यालाही माहीत होतं.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"तुला चालवता येते?"

"त्याच्या शेजारी बसून सगळं पाठ केलंय. पाय कुठे, हात कुठे, शिवी कुठे द्यायची."

"बाई माणूस गाडी चालवणार?"

"मग तुम्ही चालवा."

मालकांनी किल्ली दिली. पहिला घाट आला तसे ते डोळे मिटून बसले, ते प्रयोगाच्या ठिकाणी पोचल्यावरच उघडले. लायसन तिने पुढे रीतसर काढलं, पहिल्या फटक्यात. मंडळी मोडेपर्यंत दुसरा ड्रायव्हर कधी आला नाही. मोडली तेव्हा ज्याने त्याने आठवण म्हणून काही ना काही उचललं. मी मुकुट नेला. तो घरी कोनाड्यात आहे आणि त्यात आमची सूनबाई कांदे ठेवते. टाचणीने दोन गोष्टी मागितल्या, राणीच्या झग्यांची पेटी आणि गाडी. दोन्ही कुणालाच नको होतं.

तेव्हापासून ती गाडी म्हणजे आमच्यातल्या उरलेल्यांचे पाय आहेत. नायिकेला आता चालता येत नाही. टाचणी तिला नदीकाठी नेऊन गाडीतूनच पाणी दाखवते. प्रॉम्प्टर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो तो या गाडीतून. मी दात बसवायला गेलो तेव्हा कवळी परत येताना सीटवर विसरलो, आणि टाचणीने ती रुमालात बांधून आणून दिली. "राजे, हसायचं राहिलं तुमचं."

तपासणीत नापास झाल्याची बातमी लेकीला लागायला वेळ लागला नाही. ती शाळेत शिकवते, त्यामुळे नापास या शब्दाशी तिचा रोजचा व्यवहार. संध्याकाळी ती आली तेव्हा मी टाचणीच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो. उठायला लागलो तर लेक म्हणाली, "बसा राजेकाका, तुम्हीही ऐका. निदान एक साक्षीदार हवा."

मग ती आईकडे वळली. "आई, पुरे आता. मी खोली रंगवून घेतली आहे. खिडकीपाशी पलंग टाकलाय."

"पलंग? मी आजारी आहे का?"

"तू म्हातारी आहेस."

"ती तर तू कॉलेजात होतीस तेव्हापासून आहे. तेव्हा नाही कुणी पलंग टाकला."

"चेष्टा नको करूस. रस्त्यात मधेच गाडी बंद पडली की फोन मला येतो. वर्गातून उठून मी पळते. माझं अख्खं बालपण त्या मागच्या सीटवर गेलं आई, आता माझं म्हातारपणही तिथेच घालवू का?"

हे जरा लागलं. टाचणी कप विसळत होती, ती विसळतच राहिली. आतून कपाचा रंग जाईल असं वाटलं मला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "फेरतपासणीत गाडी पास झाली नाही, तर मी येते तुझ्याकडे. त्या पलंगावर बसून खिडकीतून बाहेर बघते. तू म्हणशील तशी."

"नक्की?"

"साक्षीदार बसलाय ना हा चहा पीत."

लेक गेल्यावर मी म्हटलं, "टाचणी, हे काय बोलून बसलीस?"

"काय बोलले? गाडी पास होणार आहे."

आणि तिने तोंडात टाचण्या घातल्या. शिवायला काही नसताना.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात. हा मिस्त्री टाचणीला मावशी म्हणतो आणि तिला घाबरतो, दोन्ही मनापासून. त्याने एक चपटा आकडा घेतला, पट्टीखाली सरकवून एकेका ठिकाणी हलकेच फिरवला आणि काचेच्या चारी बाजूंच्या पट्ट्या काढल्या. खाली जे निघालं ते बघवेना. काचेच्या चौकटीभोवती पत्र्यावर छोटी छोटी लोखंडी बटणं असतात. प्रत्येक बटणावर एक क्लिप सरकवून बसवायची. मग पट्टी वरून दाबली की तिची आत वळलेली कड क्लिपच्या ओठाखाली खटकन जाऊन बसते. बाहेरून क्लिप दिसत नाही. दिसते ती नुसती पट्टी, जणू आपल्या मर्जीने बसली आहे. आमच्या गाडीच्या क्लिपा गंजून बिस्किटासारख्या झाल्या होत्या. मिस्त्रीने एक चिमटीत धरली तर तिचा भुगा झाला.

"नवीन आणा," टाचणी म्हणाली.

"कुठून आणू मावशी? ज्यांनी ही गाडी बनवली त्यांचा कारखानाही आता नसेल. असल्या क्लिपांसाठी मी मागेच सगळीकडे विचारलं होतं. दुसऱ्या गाड्यांच्या क्लिपा एक तर मोठ्या पडतात, नाहीतर बटणावर चढतच नाहीत."

"मग?"

"चिकटवू. हल्ली सगळे चिकटवतात. असला भारी डिंक मिळतो, की गाडी मोडेल पण पट्टी निघणार नाही. फेरतपासणी आरामात पास."

मला वाटलं, सुटलो. मी टाचणीकडे पाहिलं. तिचा चेहरा मात्र, मालकांनी राणीच्या झग्याला आकड्यांऐवजी दोरी बांध म्हटलं होतं, तेव्हा झाला होता तसा झाला.

"आणि उद्या काच बदलायची झाली तर?"

"तर पट्टी तोडावी लागेल."

"आणि खाली पाणी मुरलं तर?"

"ते... दिसणार नाही."

"म्हणजे आत गंज खात राहील आणि बाहेर आपण चकचकीत. नाही जमणार."

"मावशी, एक वर्ष तर निघेल!"

"मला एक वर्ष काढायचं नाहीये, मिस्त्री. मला गाडी चालवायची आहे."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. टाचणीने त्या भुग्यातली त्यातल्या त्यात धड अशी एक क्लिप उचलली, रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "तुम्ही गंज घासून पत्र्याला रंग द्या. क्लिपा मी आणते."

घरी येऊन तिने पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली तोच, रंगपटातला, पावडर आणि घाम आणि गरम दिव्यांचा. क्षणभर मला कुणीतरी 'चला, तिसरी घंटा झाली' म्हणून हाक मारेल असं वाटलं. टाचणीला असलं काही वाटून घेणं परवडत नाही. तिने राणीचा घेरदार झगा बाहेर काढला आणि कात्रीने त्याची शिवण उसवायला लागली.

"अगं! राणीचा झगा!"

"राणी आता गाडीत बसून नदी बघते. तिला झगा काय करायचाय?"

झग्याचा घेर फुलून राहावा म्हणून आत पोलादाच्या पातळ पट्ट्या घातलेल्या असतात, बोटभर रुंदीच्या, वाकवल्या तरी सरळ होणाऱ्या. टाचणीने एक पट्टी काढून हवेत हलवली. ती थरथरली आणि पुन्हा ताठ झाली. "बघा," ती म्हणाली, "इतकी वर्षं पेटीत दुमडून पडली, पण वाकली का? नाही वाकली."

मग तिचं स्वयंपाकघर म्हणजे लोहारशाळा झाली. पत्रा कापायच्या कात्रीने तुकडे करायचे. गॅसवर धरून लाल करायचे, म्हणजे मऊ होतात. कानशीने खाच पाडायची, बटणावर सरकेल अशी. मग पकडीने दोन्ही कडांना ओठ वळवायचे. मी मदत करत होतो, म्हणजे चहा करत होतो आणि मधून मधून भाजत होतो. बोटाला फोड आली तेव्हा मी जरा विव्हळलो. "राजे, युद्धात मेलात तेव्हा इतकं ओरडला नव्हतात," ती म्हणाली.

पण काय सुबक क्लिपा झाल्या! एकीसारखी दुसरी. टेबलावर ओळीने मांडल्या तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने त्या बटणांवर सरकवल्या, पट्ट्या दाबून बसवल्या, आणि त्या अशा अलगद बसल्या की त्याने त्यांवरून दोनदा हात फिरवून पाहिला. टाचणीने लेकीला फोन केला. "ये. तुला फिरवून आणते. तुझ्या मागच्या सीटवर."

लेक आली. नाक मुरडत का होईना, मागे बसली. मी पुढे, टाचणीच्या शेजारी. ऊन स्वच्छ होतं. काचेभोवतीची पट्टी अशी लखलखत होती की जणू गाडीने मुकुट घातला आहे. पूल ओलांडला, चढण चढली, आणि उतारावर टाचणीने गाडी सोडली. जुनी गाडी पण उताराला असा सूर लावते की काय सांगू! लेकीच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी आरशात पाहिलं. लहानपणीचं.

आणि तेवढ्यात तो आवाज आला.

खट्. मग जरा थांबून, खट्. मग खट् खट् खट् खट्, वरून खाली, ओळीने. काय होतंय हे डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळलं. हा आवाज मी शेकडो प्रयोगांत माझ्या पाठीवर ऐकला होता. वाऱ्याने पट्टीच्या टोकाखाली बोट घातलं आणि एक झटका दिला, बस. पट्टी ऊन झेलत टपावरून मागे उडाली आणि रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडली. मागे कुणी नव्हतं, हे नशीब.

टाचणीने गाडी बाजूला घेतली. आम्ही तिघं गवतात पट्टी शोधत फिरलो. लेकीला सापडली, कोपऱ्यात वाकलेली. तिने ती आईच्या हातात दिली आणि काही म्हणजे काही बोलली नाही. 'मी सांगत होते' म्हणाली असती तर टाचणीने तिचा तिथेच समाचार घेतला असता. परतीच्या वाटेवर गाडीत इतकी शांतता होती की मला आमच्या पडलेल्या नाटकाच्या पहिल्या रात्रीची आठवण झाली.

सकाळी मी गेलो तेव्हा टाचणी टेबलाशी बसली होती. समोर एक तिने केलेली क्लिप आणि एक ती जुनी, रुमालातली. तिने नवी माझ्या हातात दिली. "ओठ दाबा." मी अंगठ्याने दाबला. तो नम्रपणे वाकला.

"आता ही." जुनीचा ओठ, गंजलेला, अर्धा तुटलेला, तरी दाबला जाईना. तो नुसता वळलेला नव्हता, आत मुरडलेला होता. धरण्यासाठी.

"कळलं ना?" ती म्हणाली. "हात शिकला तेच करतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पट्टी एका झटक्यात सुटायला हवी म्हणून. मी आपली तशीच केली. एकेक ओठ मी राजाच्या अंगरख्यासारखा वळवला." ती हसली, पण हसू नीट बसलं नव्हतं. "राजे, मी सगळं आयुष्य सुटण्यासाठी बांधलं."

माझ्याच्याने राहवलं नाही. "मग चिकटवून टाकूया ना. या वेळेपुरतं. पोरीला शब्द दिलायस."

"चिकटवायचं नाही."

"टाचणी, ती खोली..."

"खोली चांगली आहे. रंगही चांगला असेल. पोरगी तर सोन्यासारखी आहे. पण चिकटवायचं नाही. त्या जुन्या क्लिपेकडे बघा. एवढी घट्ट होती, तरी मिस्त्रीने आकडा सरकवल्यावर पट्टी निघालीच ना? वाऱ्याला निघत नव्हती, आणि ज्याला कुठे दाबायचं ठाऊक त्याला निघत होती. हे जमतं, राजे. कुणीतरी केलं होतं. मग मी का नाही करणार?"

गाडी घेऊन आम्ही तडक मिस्त्रीकडे गेलो. त्याने नवी क्लिप वाकवून बघितली आणि कपाळावर हात मारला. "मावशी, गॅसवर लाल करून मऊ केलीत, ती परत कडक कुठे केली? मला विचारायचं तरी! ओठ वळवून झाला की पुन्हा लालबुंद करायची आणि तशीच तेलात बुडवायची. मग ती काचेसारखी होते, पटकन तुटेल. म्हणून परत जरा तापवायची, निळा रंग चढेपर्यंत. निळी झाली की तिच्यात जीव आला."

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

हे मात्र खरं होतं. टाचणीने तेही कबूल केलं, तिच्या पद्धतीने. "आता बोललात ना? मग तेल काढा. का तेही मीच आणू?"

"जळकं तेल आहे डबाभर. भांडं तुमचं आणा, माझ्याकडे धड एक नाही."

घरी आलो तर दारात लेक उभी. हातात एक जुनी कढई. मी म्हटलं, आली सामान बांधायला.

"मिस्त्रीने फोन केला होता," ती म्हणाली. "भांडं हवंय म्हणाला. घे."

टाचणीने कढई हातात घेतली. "तुला तर मी हरलेली हवी आहे."

"हवीच आहेस. पण हरायचं तर धड हर. अशी गवतात शोधत बसलेली नको. मला नाही बघवत." आणि तिने पदर खोचला. "राजेकाका, तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही भाजता."

त्या दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजात मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. एक चिमट्यात क्लिप धरून लाल करी, दुसरी तेलातून काढून पुसून परत तापवी आणि निळा रंग येताना बघत राही. भांडणही चालू होतं, अर्थात. "आई, ही झाली." "नाही झाली." "निळी आहे!" "ती जांभळी आहे. शाळेत हेच शिकवतेस?" या वेळी टाचणीने ओठ आतल्या बाजूला खोल मुरडले होते. एकेक क्लिप ती अंगठ्याने दाबून बघायची. वाकली की बाजूला, परत भट्टीत. राणीच्या झग्यातली शेवटची पोलादी पट्टीसुद्धा संपली. एक जरी क्लिप तुटली असती तर दुसरी करायला काही उरलं नव्हतं. काचेची वाकलेली पट्टी मिस्त्रीने लाकडी हातोडीने सरळ केली. कोपऱ्यात एक बारीक खूण राहिली, ती राहिली.

या वेळी पट्ट्या अलगद बसल्या नाहीत. मिस्त्रीला अंगाचा भार द्यावा लागला. प्रत्येक क्लिपेशी एक जाड, ठाम आवाज व्हायचा. अंगरख्याच्या आकड्यांचा नव्हे. दाराला आतून कडी लागावी, तसा.

फेरतपासणीला तोच साहेब होता. त्याने टाचणीला ओळखलं आणि या खेपेला आजी म्हणाला नाही. दोन बोटांनी पट्टी ओढून पाहिली. मग चार बोटांनी. मग नखं खाली घालून. मग तो वाकला, कोपऱ्यातल्या खुणेपाशी अंगठा लावून जोर केला आणि त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. लेक माझ्या बाजूला उभी होती. तिने माझं मनगट इतकं आवळलं होतं की माझा हात बधिर झाला. आपण कोणत्या बाजूने आहोत हे ती विसरली होती.

साहेब सरळ झाला. "चिकटवली आहे का?"

"नाही," टाचणी म्हणाली.

"चिकटवली असेल तर मला बघावं लागतं. खाली गंज लपवतात लोक."

टाचणीने मिस्त्रीचा आकडा पुढे केला. "बघा की. या कोपऱ्यातून सरकवा. हळू. आता फिरवा."

साहेबाने फिरवला. खट्. पट्टीचा एक कोपरा उचलला गेला. त्याने आत वाकून बघितलं, स्वच्छ रंगवलेला पत्रा, बटण, त्यावर बसलेली निळसर क्लिप. बोटाने तिला स्पर्श केला. मग पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि पुढे जाऊन दिवे तपासले, ब्रेक तपासले, हॉर्न वाजवायला लावला. हॉर्न टाचणीने जरा जास्तच वाजवला.

"पास," साहेब म्हणाला. "एक वर्षासाठी. दर वर्षी यावं लागेल आता."

"येईन."

"नियम दर वर्षी कडक होतात, आधीच सांगून ठेवतो. आणि पुढच्या वर्षी मी नसेन. निवृत्त होतोय."

"मग तुम्ही बसा घरी," टाचणी म्हणाली. "मी येईन."

साहेब हसला. लेकही हसली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "खोलीला रंग फुकट दिला मी."

"फुकट कशाला? रविवारी येऊन राहीन की. गाडी लावायला जागा ठेव दारात."

लेक मागच्या सीटवर बसली, शाळेपाशी सोड म्हणाली. टाचणीने किल्ली फिरवली. बाजारातून जाताना माझा हात सवयीने खिडकीबाहेर गेला आणि पट्टीवर जाऊन बसला. समोरून येणाऱ्या एका माणसाने मला हात दाखवला.

"राजे, हात आत घ्या," टाचणी म्हणाली आणि उताराकडे गाडी वळवली. "ती धरून आहे."